एफेसस

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळील प्राचीन ग्रीक-रोमन बंदर. मराठी बायबलमधले इफिस ते हेच. त्याचे अवशेष इझ्मिर प्रांतात सेल्चुक गावालगत आहेत. एकेकाळी गलबते थेट शहराच्या धक्क्याला लागत. आज समुद्र कित्येक किलोमीटर दूर हटला आहे. हे ध्यानात ठेवून फिरले तरच शहराचा उत्कर्ष कळतो आणि ऱ्हासही.

समुद्र मागे हटला तो काइस्टर नदीच्या गाळामुळे. अलेक्झांडरचा सेनानी लिसिमाकस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास जुनी वस्ती हलवून सध्याच्या जागी शहर वसवले. पुढे पर्गमम राज्याचा राजा दुसरा अ‍ॅटलस याने बांध घालून बंदराचे तोंड अरुंद करवले. पाणी खोल राहील, मोठी गलबते आत येतील असा त्याचा हिशेब होता. झाले उलटेच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर वाहून जाणारा गाळ आतच साचू लागला, असे भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. रोमन अमलात एफेसस आशिया प्रांताची राजधानी झाले, पण गाळाशी झुंज सुटली नाही. सम्राट नीरोच्या काळात बंदर उपसले गेले, सम्राट हेड्रियनच्या काळात नदीचा प्रवाह वळवला गेला. एका प्रांताधिपतीचा हुकूम शिलालेखात टिकून आहे: धक्क्यावर लाकूड रचू नये, तिथे संगमरवर कापू नये. लाकडाच्या भाराने धक्का खचत होता आणि दगडकापणीचा चुरा पाण्यात जात होता. एखाद्या महानगराची रोजची काळजी इतक्या जवळून दाखवणारे लेख थोडेच आहेत.

अवशेषांना दोन प्रवेशद्वारे आहेत. वरच्या द्वाराने शिरून उतारावरून खाली यावे; चढ वाचतो आणि शहर क्रमाने उलगडते. उताराच्या क्युरेटीस रस्त्यावरचे संगमरवरी दगड पावलांनी झिजून गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे घसरणार नाहीत अशी पादत्राणे हवीत. सावली फारशी नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे. वाटेत डाव्या हाताला डोंगरउतारावरची श्रीमंतांची घरे लागतात. भित्तिचित्रे आणि कुट्टिमचित्रांच्या (मोझेइकच्या) फरशा असलेल्या या घरांसाठी तिकीट वेगळे आहे. ते वाचवण्यात शहाणपण नाही, कारण इथल्या माणसांचे घरगुती जगणे एवढे स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

रस्त्याच्या पायथ्याशी सेल्ससचे ग्रंथालय आहे. आशिया प्रांताचा अधिपती राहिलेल्या सेल्ससच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने ते दुसऱ्या शतकात बांधवले; सेल्ससची कबरही तिथेच आहे. आज उभी असलेली दुमजली दर्शनी भिंत १९७० च्या दशकात पडलेले दगड जुळवून उभारलेली आहे. कोनाड्यांतील चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत.

बहुतेक प्रवासी इथे छायाचित्रे काढून परततात. खरे तर पुढचे नाट्यगृह आणि त्यासमोरचा बंदर-रस्ता न पाहता एफेसस पाहिले असे म्हणता येणार नाही. सुमारे २५,००० प्रेक्षकांचे हे नाट्यगृह बायबलमध्येही येते. अर्तमी (ग्रीक आर्टेमिस) देवीची चांदीची देव्हारी घडवणारा देमेत्रिय आणि त्याचे सोबती ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशाने धंदा बुडेल म्हणून चिडले, आणि जमाव इथेच गोळा झाला. वरच्या पायऱ्यांवरून सुमारे अर्धा किलोमीटरचा सरळ बंदर-रस्ता नजरेत येतो. सम्राट आर्केडियसच्या काळात त्याला नवे रूप मिळाले आणि रात्री तो दिव्यांनी उजळत असे. तो जिथे संपतो, तिथे आता दलदल आणि लव्हाळी आहेत.

अर्तमीचे जगप्रसिद्ध मंदिर या आवारात नाही, सेल्चुकच्या बाजूला आहे. इ.स.पू. ३५६ मध्ये ते जाळले गेले, पुन्हा बांधले गेले, आणि त्याची जागा १८६९ मध्ये इंग्रज उत्खननकार जॉन टर्टल वुड यांना सापडली. आज तिथे पुन्हा रचलेला एकच खांब उभा आहे. देवीच्या संगमरवरी मूर्ती सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत, म्हणून दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहणे सोयीचे. एफेससला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इझ्मिरहून सेल्चुकला रेल्वेने जाता येते.