आवाज लिंक रॉडचा की शॉकअपचा?

आसरा चौकातून जुळे सोलापूरकडे आत वळलं की कॉलन्यांमधले रस्ते सुरू होतात. कुठे पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर, कुठे एका बाजूने खचलेले पेव्हर ब्लॉक. गाडी पंधरा-वीसच्या वर जातच नाही. अशाच रस्त्यावर माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाकडून ‘टकटक, टकटक’ सुरू झालं. पुणे हायवेला लागलं की आवाज गायब. गॅरेजमध्ये एक चक्कर मारून निदान झालं: ‘शॉकअप गेलेत, जोडीच टाका.’ टाकले. त्याच संध्याकाळी घराजवळच्या गल्लीत शिरलो आणि तोच आवाज, तसाच.

बिघाड लिंक रॉडचा होता. स्टॅबिलायझर लिंक म्हणतात ती हीच, काही मेकॅनिक तिला जंपिंग रॉडही म्हणतात. एका शॉकअपच्या पैशात बहुतेक गाड्यांच्या दोन्ही बाजूंच्या लिंक येतात आणि वर पैसे उरतात. म्हणून हा फरक गाडी असलेल्या प्रत्येकाला कळावा, असं मला मनापासून वाटतं.

गल्लत होते ती जागेमुळे. आजच्या बऱ्याच गाड्यांत लिंकचं वरचं टोक थेट पुढच्या शॉकअपच्या नळीवर वेल्ड केलेल्या पट्टीला बोल्टने बसवलेलं असतं. लिंक वाजली की तो ठोका शॉकअपच्या नळीतून वर बॉडीत चढतो आणि ऐकणाऱ्याला शॉकअपच वाजतोय असं वाटतं.

कामं मात्र अगदी वेगळी. खड्ड्यात चाक आपटलं की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. ती उसळी तेलाच्या जोरावर शांत करणं हे शॉकअपचं काम. स्टॅबिलायझर बार हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली की तो पिळला जातो आणि झुकणं कमी करतो. या दांड्याचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी वीतभर लांबीची काडी म्हणजे लिंक. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, त्यांवर रबरी टोप्या. टोपी फाटली की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस संपतं आणि बॉल आपल्या वाटीत ढिला होतो. सोलापूरचं ऊन आणि धूळ रबराला किती दिवस टिकू देतात, हे वेगळं सांगायला नको.

यातच ओळखण्याची खूण आहे. दोन्ही चाकं एकदम वर आली तर दांडा आपल्या बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी पकडींमध्ये, नुसता फिरतो, पिळला जात नाही, आणि लिंकवर जवळपास जोरच येत नाही. म्हणून स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर गाडी गप्प, आणि तिरकी घातली, एक चाक आधी चढलं, की टक्! शॉकअप गेला असेल तर उलट. आवाज नसेलही, पण गाडी स्पीडब्रेकरनंतर दोन-तीन वेळा डुलते, ब्रेक मारला की नाक जास्त खाली घालते, टायर जागोजागी खोलगट झिजतो. लिंक कानाला कळते, शॉकअप अंगाला.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची चाचणी शॉकअपसाठी ठीक, पण अर्धवट. पार गेलेला असेल तरच ती पकडते. नळीवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा ओला थर बसलाय का, ते बघा. नुसता ओलसरपणा म्हणजे बिघाड नव्हे.

लिंक तपासताना बहुतेकांची एक चूक होते, माझीही झाली होती. एकच चाक जॅकवर उचललं की दांडा पिळून ताणलेला राहतो आणि लिंकची ढिलाई त्या ताणात लपते. गाडी चारही चाकांवर पिटवर घ्या, किंवा पुढची दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँडवर ठेवा. मग लिंक मुठीत धरून जोरात हलवा. मी पिटमध्ये उतरून तसंच केलं. उजवी लिंक घट्ट. डावी धरली, तर बोटांना तोच ठोका लागला जो इतके दिवस कानाला ऐकू येत होता. टोपी बाजूला केली तर ग्रीसच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ.

बदलण्याचं काम अवघड नाही, गंज तेवढा छळतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. नट सोडताना बॉलचा दांडाच गरगर फिरतो. त्याच्या टोकाला बहुतेकदा ॲलन कीचं भोक असतं, तिथे धरून नट पान्याने सोडायचा. तरीही सुटला नाही तर कटर लागतो, पण जवळच ब्रेकचा होजपाइप आणि एबीएसची वायर असते, ती आधी झाका. नवी लिंक जुनीशेजारी धरून लांबी जुळवा, कारण काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते. टाकायच्या त्या जोडीनेच, नटही नवे. पाना चालेल तेवढा न पिळता गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसारच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळा.

यानंतर अलाइनमेंटची गरज नसते. शॉकअप खोलला असेल तर ती करावीच लागते, आणि ते काम घरी करू नका: दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

दोन्ही ठीक निघाले आणि आवाज तरी आहे? मग स्टॅबिलायझरचे बुश बघा, आणि लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भुजेचा, बॉल जॉइंट तर त्याच दिवशी. लिंक तुटली तर गाडी वळणावर जास्त झुकेल, पण हळूहळू घरी पोचाल. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटला तर चाक जागेवरच आडवं होतं. असा संशय असताना तुळजापूरला जायचं ठरलं असेल, तर त्या दिवशी एसटीने जा.