‘हाताला गुण’ कसा मोजला गेला : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गुंतागुंत आणि शल्यविशारदाचा अनुभव

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की आपल्याकडे लेन्सच्या किमतीच्याही आधी एक चौकशी होते, ती म्हणजे डॉक्टरांचा हात कसा आहे. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ हे शिफारसपत्र दवाखान्याच्या भिंतीवरील पदव्यांपेक्षा अजूनही वजनदार ठरते. शस्त्रक्रिया काही हजार वर्षे जुनी असली, तरी हा गुण आकड्यांत मांडण्याचे प्रयत्न मात्र फार अलीकडचे आहेत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने डोळ्याचा वेध करून दृष्टीच्या वाटेतील अडथळा दूर करण्याची कृती सांगितली आहे. उजवा डोळा डाव्या हाताने आणि डावा डोळा उजव्या हाताने वेधावा, वेध योग्य जागी झाला तर विशिष्ट आवाज होऊन पाण्याचा थेंब येतो आणि चुकला तर रक्त येते, असे बारकावेही तिथे आहेत. याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात शिष्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा, असे सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. नुसते शास्त्र ऐकलेला माणूस प्रत्यक्ष कर्माला अयोग्य ठरतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सराव आणि गुंतागुंत यांचा संबंध म्हणजे आधुनिक काळाचा शोध नव्हे.

पुढे मात्र हे काम युरोपात आणि भारतातही बव्हंशी गावोगाव फिरणाऱ्यांच्या हाती गेले. गढूळ भिंग सुईने डोळ्याच्या आतच मागे ढकलले की रोग्याला लगेच उजेड दिसे, पैसे हातात पडत आणि पुढचा दाह सुरू होईपर्यंत सुईवाला दुसऱ्या गावी पोहोचलेला असे. जॉन टेलर हा इंग्रज फिरता नेत्रवैद्य यासाठी कुप्रसिद्ध होता. त्याने १७५० साली लाइपझिगमध्ये संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. त्यांची दृष्टी परतली नाही आणि त्याच वर्षी जुलैत त्यांचे निधन झाले. टेलरकडे अनुभवाची मुळीच कमतरता नव्हती, त्याने असंख्य डोळ्यांत सुई घातली होती. पण आपण केलेल्या डोळ्याचे महिन्याभराने काय झाले हे पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर येत नाही, त्याचा अनुभव वाढतो म्हणजे नेमके काय वाढते, हा प्रश्न उरतोच.

झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये भिंग ढकलण्याऐवजी छेद घेऊन ते बाहेर काढले आणि १७५२ मध्ये पॅरिसच्या शल्य-अकादमीपुढे ११५ पैकी १०० शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा हिशेब ठेवला. मला त्यांच्या यशापेक्षा उरलेल्या १५ डोळ्यांची कबुली अधिक महत्त्वाची वाटते. भारतात सुईची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा शेकडो डोळ्यांची तपासणी करून त्यावर ग्रंथच लिहिला. अर्थात रुग्णालयात बिघडलेलेच डोळे येतात, साधलेले घरी राहतात, त्यामुळे असे आकडे वाचताना थोडे सबुरीने घ्यावे लागते.

त्याच सुमारास जालंधर आणि अमृतसर येथे कर्नल हेन्री स्मिथ हे भिंग आवरणासकट बाहेरून दाब देऊन काढत. त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या हजारोंत मोजली जात असे आणि ती शिकायला अमेरिकेतून डॉक्टर येत. परतल्यावर त्यातील अनेकांना ते कसब साधले नाही, कारण एका हंगामात जालंधरला जेवढे डोळे हाताखालून जात, तेवढे त्यांच्या गावी कित्येक वर्षांत येत नसत. पुढे शिबिरांचे युग आले. पंजाबात मोग्याचे डॉ. मथुरादास आणि कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत नेली, डॉ. मोदींनी एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. हिरवी पट्टी आणि त्यानंतर जाड भिंगाचा चष्मा हे चित्र महाराष्ट्रातील जुन्या पिढीलाही चांगले आठवत असेल. या काळात अनुभव म्हणजे संख्या हे समीकरण पक्के झाले.

ते समीकरण हलले ते तंत्र बदलल्यामुळे. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. नंतर हे भिंग ठेवायला नैसर्गिक भिंगाचे मागचे आवरण शाबूत राखणे गरजेचे झाले. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याचा, म्हणजे ‘फेको’चा, पहिला प्रयोग माणसावर केला, तो कित्येक तास चालला आणि तो डोळा वाचला नाही. पुढे फेको सर्वत्र पसरली, तेव्हा टाक्यांच्या पद्धतीने हजारो डोळे केलेले ज्येष्ठ डॉक्टर एका रात्रीत पुन्हा नवखे झाले. अर्ध्यातून फेको सोडून छेद मोठा करायचा आणि जुन्या पद्धतीने काम पुरे करायचे, याला ऑपरेशन थिएटरच्या भाषेत ‘कन्व्हर्ट करणे’ म्हणतात. त्या काळात हा शब्द वारंवार कानी पडे.

फेकोतील सर्वांत धास्तीची गुंतागुंत म्हणजे हे मागचे आवरण फाटणे. मध्यभागी त्याची जाडी सुमारे ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा असते. ‘हाताला गुण’ म्हणणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते की फेकोचे निम्मे काम पायाने चालते. पेडल पहिल्या टप्प्यात दाबले की डोळ्यात पाणी जाते, दुसऱ्या टप्प्यात शोषण सुरू होते आणि तिसऱ्या टप्प्यात ध्वनिलहरी. आवरण फाटले की डोळ्याची पोकळी अचानक खोल वाटते, बाहुली किंचित दचकल्यासारखी रुंदावते, भिंगाचा तुकडा कलतो. नवख्याची पहिली प्रतिक्रिया प्रोब, म्हणजे डोळ्यात घातलेले फेकोचे टोक, झटकन बाहेर काढण्याची असते आणि तीच घातक ठरते, कारण पोकळी कोसळते आणि मागचा जेलीसारखा काचद्रव फटीतून पुढे येतो. मुरलेला डॉक्टर शोषण थांबवतो, पण पाय पहिल्या टप्प्यावरच ठेवतो. दुसऱ्या हाताने बाजूच्या बारीक छेदातून घट्ट, पारदर्शक द्रव सोडून जागा भरतो आणि मगच प्रोब काढतो. हे काही सेकंदांचे काम आहे. फाटलेले आवरण दोघांचेही सारखेच असते, पण महिन्याभराने दिसणारी नजर या सेकंदांवर ठरते.

संगणकीय नोंदी आल्यावर हे सगळे मोजता आले. ब्रिटनमधील ५५,५६७ शस्त्रक्रियांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवरण फाटणे किंवा काचद्रव बाहेर येणे हे प्रमाण १.९२ टक्के आढळले आणि सर्वांत कनिष्ठ प्रशिक्षणार्थींच्या हातून त्याची शक्यता तिपटीहून अधिक होती. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या २००७ मधील अभ्यासात वर्षाला ५० ते २५० शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे गंभीर गुंतागुंत ०.८ टक्के, तर हजारांहून अधिक करणाऱ्यांकडे ०.१ टक्के होती. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने २०१२ मध्ये मांडलेले ७९,७७७ डोळ्यांचे आकडे आपल्याला जवळचे आहेत. तिथे कायम डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेतील गुंतागुंत ०.७९ टक्के, निवासी डॉक्टरांकडे २.०६ टक्के आणि बाहेरून शिकायला आलेल्यांकडे ५ टक्के होती. याच अभ्यासात शिकाऊ हातांकडून फेकोत ४.८ टक्के, तर छोट्या छेदाच्या बिनटाक्याच्या, बिनयंत्राच्या शस्त्रक्रियेत १.४६ टक्के गुंतागुंत दिसली. म्हणजे नवख्याच्या हाती काय दिले जाते, यावरही बरेच अवलंबून आहे. पिकून पांढरा किंवा तपकिरी झालेला मोतीबिंदू आपल्याकडे अजूनही पुष्कळ येतो आणि तो कोणाच्या यादीत लावायचा, हा निर्णय सकाळीच घेतलेला असतो.

सगळीच गुंतागुंत हाताच्या खाती मांडता येत नाही. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिन या गोळीमुळे शस्त्रक्रियेदरम्यान बुबुळ सैल पडून फडफडते, हे २००५ मध्ये लक्षात आले. त्यामुळे ही गोळी चालू असल्यास, किंवा पूर्वी घेतली असल्यासही, डॉक्टरांना आधीच सांगणे बरे. एकाच दिवशी एकाच ठिकाणी अनेकांचे डोळे जातात तेव्हा संशय प्रथम निर्जंतुकीकरण, वापरलेले द्रव आणि थिएटरची स्वच्छता यांवर घ्यायचा असतो. वर्तमानपत्रे मात्र बहुधा डॉक्टरचे नाव आधी छापतात.

उरतो तो पहिल्या शंभर डोळ्यांचा प्रश्न. मुंबईतील एका सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी २०२३ मध्ये संप पुकारला, तेव्हा आपल्याला पुरेशा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत ही त्यांची एक तक्रार होती. वरिष्ठांनी ती नाकारली होती. रुग्णाला मुरलेला हात हवा असतो, तर मुरण्यासाठी रुग्ण लागतो. ब्रिटनमध्ये सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या डोळ्याशिवाय शस्त्रक्रियेचा सराव करून घेणारे संगणकीय यंत्र, आल्यानंतर पहिल्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणार्थींकडून आवरण फाटण्याचे प्रमाण २००९ मधील ४.२ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत २.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा सराव खाटकाकडून आणलेल्या शेळीच्या डोळ्यांवर होतो. छेद, टाके आणि पेडलवरचा पाय त्यावर छान बसतो. पण शेळीचे आवरण सत्तरीतल्या माणसाच्या आवरणापेक्षा चिवट आणि ताणले जाणारे असते. म्हणून पहिल्या माणसाच्या डोळ्याच्या दिवशी शेजारच्या स्टुलावर वरिष्ठ बसतात, सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या नळीतून तेच दृश्य पाहतात आणि गरज पडताच जागा बदलून घेतात.