श्वासचाचणीचा आकडा कसा तपासून घ्यावा: कोल्हापुरातील वाहनचालकांसाठी प्रक्रिया आणि कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा असून, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तो जागेवर दंड भरून मिटत नाही, न्यायालयातच जातो. म्हणून श्वासचाचणीच्या यंत्राने दाखवलेला आकडा कसा मिळाला, हे विचारणे आरोपीच्याच नव्हे, तर पोलिसांच्याही हिताचे आहे.

यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसातून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजून, रक्तातील प्रमाण त्याच्या 2,100 पट असते असे गृहीत धरून ते आकडा देते. हे गुणोत्तर माणसागणिक आणि शरीराच्या तापमानानुसार बदलते, त्यामुळे 34 आणि 150 मिलिग्रॅम हे आकडे सारख्याच खात्रीचे मानणे माझ्या मते चुकीचे आहे. नुकतेच प्यायलेले मद्य, अल्कोहोलयुक्त माउथवॉश किंवा ओकारी यांमुळे तोंडात उरलेले अल्कोहोल आकडा फुगवते. ते ओसरण्यासाठी 15 मिनिटे थांबून चाचणी घेणे योग्य ठरते. चाचणीपूर्वी यंत्र मोकळ्या हवेत शून्य दाखवते का, हेही पाहावे.

संशयाला वाजवी कारण असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी कलम 203 नुसार श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार देऊ नये. नकारामुळे अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसल्यास कलम 205 नुसार तो विरोधातील पुराव्याला पूरक धरला जातो. त्याऐवजी चाचणीची छापील पावती मागावी, तिच्यावरील वेळ आणि यंत्राचा क्रमांक पाहावा, व सही करताना हरकत असल्यास ती तेथेच लिहावी.

अटक झाल्यास पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी मिळाली पाहिजे. यंत्राने अल्कोहोल दाखवल्यास किंवा चाचणी दिली नसल्यास कलम 204 नुसार डॉक्टरांकरवी रक्ताचा नमुना घेता येतो. महिलेचा नमुना महिला डॉक्टरनेच किंवा दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. चालकाला स्वतःला रक्ततपासणी हवी असेल, तर तशी विनंती लेखी द्यावी. त्वचा पुसताना स्पिरिट वापरले जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. मद्यपान सिद्ध करण्यास केवळ तोंडाचा वास आणि अडखळती चाल पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात 1971 मध्ये म्हटले होते. रक्ताच्या अहवालाचे महत्त्व त्यावरून कळते.

यंत्राच्या अंशशोधनाचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे, प्रमाणपत्र मागण्यासाठी कोल्हापूर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवावा, यंत्राचा क्रमांक व चाचणीची तारीख नमूद करावी आणि पावतीची प्रत जोडावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास दाखला जोडल्यास शुल्क माफ असते. उत्तर 30 दिवसांत अपेक्षित आहे. ते न मिळाल्यास पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करावे.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची व सोबतच्या कागदांची प्रत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 नुसार विनाशुल्क मिळते. वाहन जप्त असल्यास ते परत मिळण्याच्या अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि मालकाचा ओळखपुरावा द्यावा. यंत्राच्या कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र दोषारोपपत्रात नसल्यास वकिलामार्फत न्यायालयाकडे ते सादर करवून घेण्याचा अर्ज पहिल्याच तारखांना द्यावा, कारण साक्षी सुरू झाल्यावर ही मागणी मान्य करून घेणे अवघड जाते.