डार्विनला न सुटलेलं गणित

1859 साली डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं, तेव्हा नैसर्गिक निवडीची बाजू भक्कम होती. आनुवंशिकतेची मात्र लंगडी. आईबापांचे गुण संततीत मिसळून जातात, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. 1867 साली फ्लीमिंग जेन्किन या स्कॉटिश इंजिनिअरने नेमकं तिथेच बोट ठेवलं. एखाद्या प्राण्यात उपयोगी बदल झाला, तरी त्याला जोडीदार मिळणार साधाच. मग पिल्लांत तो बदल निम्मा, पुढच्या पिढीत पाव, दहाव्या पिढीत 1024वा हिस्सा. दुधात पाणी वाढत जावं तसा. निवडीला वेळ लागतो, आणि तोवर निवडण्यासारखं काही उरतच नाही!

मिश्रणाचं गृहीतक मानलं, तर हा आक्षेप खोडणं फार कठीण होतं.

उत्तर मात्र 1866 सालीच ग्रेगर मेंडेल या मठवासी संशोधकाने वाटाण्यावरच्या प्रयोगांतून छापलं होतं. वाटाण्याचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. म्हणून संकर करायचा तर परागकोश पिकण्याआधीच कळी उघडून चिमट्याने सगळे पुंकेसर काढावे लागतात, मग दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावायचे. उशीर झाला, की स्वपरागण होऊन गेलेलं असतं आणि पुढची सगळी मोजणी फसते.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्यांतून उगवलेल्या 253 रोपांनी 7324 दाणे दिले: 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. म्हणजे 2.96 ला 1. महत्त्वाचं हे, की ते 1850 दाणे अर्धवट सुरकुतलेले नव्हते. गुण पातळ झाला नव्हता, फक्त झाकला गेला होता.

या कामाकडे जगाचं लक्ष गेलं ते 1900 साली. 1908 मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की मोठ्या समूहात जोड्या यदृच्छया जुळत असतील आणि निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर नसेल, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. समजा, एका अप्रभावी जनुकरूपाचं (म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आलं, तरच ज्याचा गुण दिसतो अशा रूपाचं) प्रमाण 10 टक्के आहे. तो गुण दिसेल 1 टक्का जीवांत, पण आणखी 18 टक्के जीव ते रूप लपवून बाळगतील. निवडीचा कच्चा माल असा शाबूत राहतो.

मग निवडीचा वेगही मोजता आला. मँचेस्टर परिसरात 1848 नंतरच्या अर्धशतकात काळ्या पतंगांनी फिकट पतंगांना जवळपास हटवलं होतं. पुढे भारतात स्थायिक झालेल्या हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1924 साली हिशेब मांडला: एवढ्या वेगाने बदल घडायला काळ्या पतंगांची संतती फिकटांच्या सुमारे दीडपट टिकायला हवी.