गुरू हलका आहे हे कसं कळलं

सूर्याजवळचे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चार ग्रह खडक आणि धातूंचे. पलीकडचे चार अवाढव्य, पण आकारमानाच्या मानाने हलके. हा फरक दुर्बिणीत दिसत नाही. तो हिशेबातून निघाला, आणि तोही ग्रहांची अंतरं मैलांत नीट ठाऊक नसताना.

युक्ती अशी. ग्रहाची घनता काढायला उपग्रहाचा प्रदक्षिणाकाळ आणि त्याचं अंतर ग्रहाच्या किती त्रिज्यांइतकं आहे, एवढंच लागतं. चंद्र पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्यांवर, २७.३ दिवसांत फिरतो. गुरूचा उपग्रह आयो गुरूच्या सुमारे ६ त्रिज्यांवर, १.७७ दिवसांत. घनता या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि काळाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतराचं गुणोत्तर दहात एक, त्याचा घन हजारात एक. काळाचं गुणोत्तर साधारण १५.४, त्याचा वर्ग सुमारे २३८. म्हणजे गुरूची घनता पृथ्वीच्या २३८/१०००, जवळजवळ पाव. कागद-पेन्सिलीचं काम.

न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) हाच विचार मांडला. १७२६च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे घनतेचे आकडे आहेत, सूर्याची घनता १०० धरून: सूर्य १००, गुरू ९४.५, शनी ६७, पृथ्वी ४००. गुरू आणि पृथ्वी आजच्या मोजमापाच्या अगदी जवळ. शनी मात्र चुकला, तो ४९च्या आसपास हवा. त्रिज्येचा घन होत असल्याने ती दहा टक्के कमी धरली तरी घनता ३७ टक्के फुगते. जड ग्रह सूर्याजवळ का, याचं न्यूटनचं उत्तर असं की आपापल्या घनतेनुसार प्रत्येकाला योग्य तेवढी उष्णता मिळावी म्हणून. कारण चुकलं, पण प्रश्न अचूक होता.

ही सगळी तुलना झाली. प्रत्यक्ष आकडा मिळाला तो १७९८ साली कॅव्हेंडिशने पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट काढल्यावर. मग गुरू १.३३ आणि शनी ०.६९ हे ओघानेच आलं. अडचण बुध-शुक्रांची, कारण त्यांना उपग्रहच नाहीत. बुधाचं वस्तुमान भरवशाने कळायला १९७४ साली मरिनर १० यान जवळून जावं लागलं.

घनता कमी, पण का? एकोणिसाव्या शतकात अनेकांना वाटे की गुरू आतून तापून फुगलेला, अर्धवट सूर्यच आहे. १९२३मध्ये हॅरोल्ड जेफ्रीजने दाखवलं की एवढ्या काळात त्याचा पृष्ठभाग थंड झालेला असणार. हलकेपणा उष्णतेचा नव्हे, मालमसाल्याचा. १९३२मध्ये रूपर्ट विल्टने गुरूच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या पट्ट्या मिथेन आणि अमोनियाच्या म्हणून ओळखल्या. गंमत म्हणजे मुख्य घटक हायड्रोजन सापडायला आणखी वेळ लागला. त्याचा रेणू सममित असल्याने अवरक्त प्रकाश जेमतेमच शोषतो. हर्ट्झबर्गने १९५२ साली त्याची खूण ओळखली तीही युरेनसच्या वर्णपटात. गुरूवर ती १९६०मध्ये मिळाली.

अशा ग्रहांना लावला जाणारा ‘वायुग्रह’ हा शब्दही जपूनच वापरावा. गुरूचा हायड्रोजन खोल गेल्यावर दाबाने द्रव होतो, त्याहून खाली धातूसारखी वीज वाहून नेतो. युरेनस-नेपच्यूनमध्ये तर हायड्रोजन-हेलियमचा वाटा वस्तुमानात थोडाच.

कारणाचा गाभा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरला. सूर्याभोवतीच्या ज्या वायू-धुळीच्या तबकडीतून ग्रह बनले तिच्यात खडक आणि धातू जेमतेम अर्धा टक्का. बाकी बहुतेक हायड्रोजन-हेलियम. सूर्याजवळ पाणी वाफेतच राहिलं, म्हणून तिथल्या ग्रहांना खडक-धातूंवरच भागवावं लागलं. सुमारे १७० केल्विनच्या (उणे १०३ अंश सेल्सिअसच्या) खाली, म्हणजे हिमरेषेपलीकडे, पाण्याचं बर्फ झालं आणि घन माल साधारण दुपटीने वाढला. तिथे पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा गाभा तयार झाला की तो आजूबाजूचा वायू झपाट्याने ओढू लागतो. पण घाई करावी लागते, कारण तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच उडून जातो. युरेनस-नेपच्यून बहुधा इथेच मागे पडले.

१९९५मध्ये मेयर आणि केलॉझ यांना ५१ पेगासी ताऱ्याभोवती अवघ्या ४.२ दिवसांत फिरणारा, गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, आणि ‘जड आत, हलके बाहेर’ हा नियम आपल्या घरापुरताच निघाला. असे ग्रह बाहेर बनून आत सरकले असावेत, असं आता मानतात. २०१६ साली गुरूभोवती पोहोचलेल्या जूनो यानाच्या गुरुत्व-मोजमापांत तर त्या दहापट गाभ्याच्या कडाही पुसट निघाल्या आहेत: जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये विरघळून बरीच वरपर्यंत पसरलेली दिसतात.