पट्टा ऐकतो की बोलतो? जीपीएस आणि बीकनचा घोळ

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उठली की माझ्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची पोरं यायला लागतात. यादी ठरलेली: एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय' म्हणेन), एक जीपीएस मॉड्यूल, कुत्र्याचा एक पट्टा. काय करणार म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं. "काका, पेट ट्रॅकिंग. सॅटेलाइटला कुत्रा दिसतो आणि ते आपल्या मोबाइलला सांगतं." त्यांच्या मागे पलीकडच्या गल्लीतल्या मावशी उभ्या असतात. मांजर दोन दिवस घरी आलेली नाही, आणि सून म्हणते ते "आयफोनवाल्यांचं नाण्याएवढं जीपीएस" त्यांना हवं असतं.

पोरांची आणि मावशींची चूक एकच आहे. दहा वर्षं ती ऐकून माझे कान किटले, म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे जो विचारेल त्याच्यापुढे हा कागद.

जीपीएस म्हणजे नकाशावरचा निळा ठिपका, एवढं फोनमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. बीकन म्हणजे ब्लूटूथचा छोटा टॅग. तो सेकंदाला एक-दोनदा स्वतःचा नंबर हवेत सोडतो आणि गप्प बसतो. दोन्ही पट्ट्याला लागतात, दोन्ही "जनावर कुठंय" हे सांगतात अशी समजूत आहे, म्हणून बाजारात दोघांनाही सरसकट जीपीएस म्हणतात. किंमत वेगळी, आकार वेगळा, चार्जिंग वेगळं, हे फरक डब्यावर छापलेले असतात. डब्यावर नसलेला फरक हा, की एक पट्टा ऐकतो आणि दुसरा बोलतो.

माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की अर्धं गाव घड्याळ लावायचं. भोंग्याला मात्र कोण ऐकतंय याचा पत्ता नसायचा. तो वाजायचा आणि मोकळा व्हायचा. आता अशी कल्पना करा की जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी, तिघींचे भोंगे सकाळी सातच्या ठोक्याला एकदम झाले. तुम्ही गावात कुठेतरी उभे आहात, हातात नेमकं घड्याळ आहे. एक भोंगा तीन सेकंद उशिरा ऐकू आला, म्हणजे ती मिल साधारण एक किलोमीटर लांब, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. दुसऱ्या दोघींचंही असंच मोजा. तिन्ही अंतरं जिथे जुळतात तिथे तुम्ही आहात. कुणी तुम्हाला पाहिलं नाही. तुमचं तुम्ही ऐकलंत आणि ओळखलंत.

जीपीएस म्हणजे नेमकं हेच. भोंगे २०,२०० किलोमीटर वर आहेत आणि आवाजाऐवजी रेडिओलहर आहे. ती इतकी वेगवान, की घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं तर जागा ३०० मीटरनं चुकते. उपग्रहात अणुघड्याळ असतं, पट्ट्यात असतं स्वस्तातलं. ते किती चुकतंय हेही काढावं लागतं, म्हणून तीनऐवजी चार उपग्रह लागतात.

म्हणजे सॅटेलाइटला कुत्रा दिसत नाही. त्याला सोलापूर आहे हेही माहीत नाही. जागा कळते ती पट्ट्यातल्या मॉड्यूलला, आणि मॉड्यूल आहे कुत्र्याच्या गळ्यात. कुत्रा जर होटगीच्या बाजूला निघून गेला असेल तर त्याच्या गळ्यात जगातली सगळ्यात नेमकी माहिती आहे, आणि तुम्ही इथे हात चोळत बसला आहात.

पोरांना हे कळत नाही, कारण टेबलावर मॉड्यूल वायरनं पायला जोडलेलं असतं आणि स्क्रीनवर आकडे झरझर येतात. प्रोजेक्ट झाला, पेढे वाटले. ती वायर कुत्र्यामागे धावणार नाही हे प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री लक्षात येतं. गळ्यातली माहिती घरी आणायला दुसरा रेडिओ लागतो, सिमवाला किंवा लोरा (सिमशिवाय थोडीशी माहिती लांबवर नेणारा). जीपीएसचा भाग स्वस्त असतो. पैसे, बॅटरी आणि झोप खातो तो हा दुसरा रेडिओ.

आता बीकन. गाईच्या गळ्यात घंटी बांधतात ती गाईला वाट कळावी म्हणून नव्हे, गुराख्याला गाय कळावी म्हणून. घंटीला जागा ठाऊक नसते, अक्कल नसते, ती फक्त वाजते. अक्कल सगळी ऐकणाऱ्याकडे. बीकन ही घंटी आहे. कान नसतील तिथे ती कितीही वाजवा, फुकट.

मावशींच्या नाण्याची गोष्ट यातच येते. ॲपलनं २०२१ मध्ये आणलेल्या एअरटॅगमध्ये जीपीएस नाहीच. तो ब्लूटूथवर वाजतो, शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला ऐकू येतो, आणि तो आयफोन स्वतःची जागा कळवतो. नकाशावर दिसतो तो ठिपका त्या माणसाचा, मांजराचा नव्हे. सात रस्त्यावर हे झकास चालेल. अक्कलकोटकडच्या एखाद्या रानात, जिथे बांधावर साध्या फोनवाला एकटा म्हातारा बसलाय, तिथे ती घंटी भिंतीशी बोलते. उसने कान घ्यायचे तर गर्दी हवी.

कान स्वतःचे बसवायचे ठरलं की पाय कामाला येतो, आणि "नेटवर्क" या शब्दाला अर्थ येतो. माझ्या घरी हेच आहे. जुनं माळवदाचं घर, दोन हात जाड भिंती, मागे पत्र्याची पडवी, वर गच्ची. पाय झिरो डब्ल्यू, पायचाच बारका भाऊ, २०१७ मध्ये आला. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्या बोर्डावरच आहेत. असे तीन लावले: स्वयंपाकघरात, पडवीत, जिन्यावर. प्रत्येक जण चटणीच्या टॅगचा नंबर ऐकतो (चटणी म्हणजे मांजर, शेंगाचटणीच्या रंगाची) आणि सिग्नल किती जोरात आला ते एमक्यूटीटीनं (यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप धाडायची पद्धत) चौथ्या पायला कळवतो. तो मॉस्क्विटो (हे निरोप गोळा करून वाटणारं सॉफ्टवेअर) चालवतो आणि ठरवतो की सगळ्यात जोरात कुणी ऐकलं, मांजर त्याच्याजवळ. संपलं. खरं सांगायचं तर तीन कानांच्या जागी ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथवाल्या स्वस्त चिपा) लावले तरी भागतं आणि पैसेही वाचतात. पण मला पाय आवडतो, कारण बिघडल्यावर त्यात लॉगिन करून बघता येतं. पाय जनावराच्या गळ्यात मात्र कधीही बांधू नका. काही न करताही तो शंभर मिलिॲम्पिअरच्या वर खातो. मांजराला पेलेल अशा बॅटरीवर अर्धा दिवसही निघत नाही. बीकन बटणसेलवर महिनोन्‌महिने वाजतो.

इथे माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे "सिग्नलवरून अंतर मीटरमध्ये" काढणं. पोरं सूत्र आणतात, एक मीटरवर सिग्नलचा जोर उणे ५९ डीबीएम (जोर मोजायचं माप) धरतात आणि स्क्रीनवर "३.७२ मीटर" असं दोन दशांशांपर्यंत झळकवतात. अरे, ते सूत्र मोकळ्या मैदानाचं आहे. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, आणि ही लहर पाण्यात जिरते. मांजर म्हणजे केसांत गुंडाळलेलं पाणीच. चटणी कूस बदलून टॅगवर लोळली की सिग्नल सहज १० डीबीनं पडतो, आणि तेवढ्यानं सूत्रातलं अंतर तिपटीहून जास्त होतं. मांजर जागेवर, आकडा पडवीत. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी टाक्या. सोमवारी भरलेली टाकी आणि गुरुवारची रिकामी टाकी, दोन वेगळ्या भिंती समजा. पत्र्यावरून लहर उसळते ते आणखी वेगळं. त्यामुळे मीटर विसरा. "कुणाजवळ" एवढंच विचारा. शेवटच्या दहा-बारा ऐकण्यांतलं मधलं मूल्य घ्या, आणि दुसरा कान सलग काही सेकंद वरचढ ठरल्याशिवाय खोली बदलू नका. नाहीतर मांजर स्वयंपाकघर आणि जिना यांत मिनिटाला वीस फेऱ्या मारताना दिसेल.

आणखी एक, यानं मी स्वतः पोळलोय. ऐकू न येणं म्हणजे नसणं नव्हे. सुरुवातीला मी तीस सेकंद आवाज नाही की "घराबाहेर" असा निरोप लावला होता. एका दुपारी, उन्हाचा पारा ४२ वर असताना, तो निरोप आला आणि मी दुकान टाकून गल्लीगल्लीत फिरलो. चटणी लोखंडी पेटीत चादरींच्या घडीवर झोपली होती. पत्र्याच्या पेटीतली घंटी कोण ऐकणार? आता "बाहेर" हे तेव्हाच, जेव्हा शेवटचं ऐकणं जिन्यावरच्या कानानं केलेलं असतं आणि मग दहा मिनिटं शांतता असते. पेटीत गायब झालेलं मांजर घरातच धरायचं.

जीपीएसचं उलटं. त्याला वरचं आभाळ लागतं. उपग्रहाचा सिग्नल इथवर येतो तेव्हा इतका क्षीण असतो, की माळवदाची माती किंवा पत्रा त्याला पुरून उरतो. मग ट्रॅकर शेवटची माहीत असलेली जागाच दाखवत राहतो आणि लोक तीच आताची समजतात. उघड्यावर पाच मीटर वगैरे चूक धरून चाला. पेठेतल्या उंच घरांच्या बोळात लहरी भिंतींवर आपटून येतात, तिथे झोपलेलं कुत्रंही नकाशावर गस्त घालतं. घरात मांजर शोधायला जीपीएस घेणाऱ्याला मी दुकानातून परत पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पण मेहुण्याच्या शेतावर वाघ्याला बीकन बांधून उपयोग नव्हता. कारवानी कुत्रा, ससा दिसला की दोन शेतं पार. तिथे एवढे कान कुठून आणणार? तिथे जीपीएसच, सोबत लोराचं मॉड्यूल, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर उंच बांबूला अँटेना लावून खाली एक पाय. आपल्याकडे परवान्याशिवाय लोराला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे. ९१५ वालं मॉड्यूल स्वस्त दिसलं म्हणून मागवू नका. सिमवालं हवं असेल तर जुन्या सिम८००एलमध्ये जिओचं कार्ड घालून माझ्याकडे तक्रार आणू नका. ते मॉड्यूल टूजी आहे आणि जिओला टूजीच नाही. शिवाय पाठवायच्या क्षणी ते दोन ॲम्पिअरपर्यंत ओढतं. बारकी बॅटरी तिथेच बसते आणि पोरं म्हणतात मॉड्यूल खराब दिलं.

जीपीएसमधली एक चूक मात्र दरवर्षी हसवते. मॉड्यूल सोलापूरचा अक्षांश १७३९.६ असा देतं. याचा अर्थ १७ अंश ३९.६ मिनिटं, म्हणजे १७.६६ अंश. पोरं दशांश चिन्ह सरकवून १७.३९६ करतात, रेखांशाचंही तसंच ७५.५४, आणि कुत्रा जवळपास पन्नास किलोमीटरवर मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन बसतो. मिनिटांना ६० नं भागा, बाबांनो.

बाकी किरकोळ. लाइट जाते तेव्हा पायचं मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून नोंदी कार्डावर सतत लिहू नका. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आली आणि इंटरनेट नाही आलं, तर तीन कान तीन वेगळ्या वेळा सांगतात. वेळ नोंदवायची ती निरोप घेणाऱ्या चौथ्यानं.

आणि जनावरांचे डॉक्टर कातडीखाली तांदळाएवढी चिप घालतात, तिला जीपीएस म्हणणाऱ्यांसाठी: ती ऐकतही नाही, आपणहून बोलतही नाही. तिच्यात बॅटरीच नाही. वाचायचं यंत्र काही सेंटीमीटरवर आणलं की त्याच्याच ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपला १५ आकडी नंबर सांगते आणि पुन्हा झोपते.