बाळाचा वजनकाटा घरी नेताय ना, मग हा कागद आधी वाचा

नमस्कार. दापोलीतलं आमचं सर्जिकल सामानाचं दुकान तसं छोटंच, बीपीचं मशीन, वाफेचं मशीन, कमोड खुर्ची असं सगळं आहे, पण भाड्याने सगळ्यात जास्त फिरतो तो बाळाचा डिजिटल काटा. हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ, कुठे कुठे जातो. आणि काटा घरी पोचला की एकदोन दिवसात फोन येतोच, काल चार किलो दोनशे होतं आज चार एकशेवीस दाखवतंय, काटा बिघडलाय का बाळाला काय झालंय? बहुतेक वेळा दोन्ही नसतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहूनच देऊया म्हटलं.

बाळ एका वेळी साठ-सत्तर-ऐंशी मिली दूध पितं, म्हणजे पोटात तेवढेच ग्रॅम वाढले, मग शू केली शी केली की कमी झाले. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी वजन केलं तर आकडा वेगळा येणारच. तुम्ही दुधाचं वजन करताय, बाळाचं नाही. पहिल्या तीन महिन्यात आठवड्यातून एकदा, त्यानंतर पंधरा दिवसांनी आणि सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदा वजन केलं तरी भरपूर झालं. डॉक्टरांनी रोज करा सांगितलं असेल (कमी वजनाचं किंवा लवकर जन्मलेलं बाळ असेल तर सांगतात) तर अर्थातच त्यांचं ऐका.

काटा कसा लावायचा

लादीवर किंवा कोब्यावर ठेवा, गादीवर सतरंजीवर नको, सारवलेली जमीन असेल तर खाली सपाट फळी टाका. पंखा बंद करा, हो, वाऱ्याने पण आकडा हलतो. आधी दुपटं टाका मग शून्य करायचं बटण दाबा मग बाळ ठेवा, उलटं केलंत तर दुपट्याचं वजन पण बाळात धरलं जातं. लंगोट डायपर काढून, शक्यतो दूध पाजायच्या आधी, दर वेळी साधारण त्याच वेळेला. हातातलं वाळं, कमरेचा करदोटा काढायची गरज नाही पण मग दर वेळी असू दे. आणि बाळाला काट्यावर ठेवून दुपटं आणायला आत जायचं नाही, एक हात वर असलाच पाहिजे, अगदी दोन महिन्यांचं असलं तरी.

काट्यावर संशय असेल तर साखरेचा न फोडलेला एक किलोचा पुडा ठेवून बघा, पिशवीचे चार-पाच ग्रॅम धरून एक किलोच्या आसपास आला तर काटा बरोबर आहे. काटा सेलवर चालतो, त्यामुळे पावसात लाइट गेली तरी अडत नाही, पण दमट हवेत सेलच्या टोकांना गंज येतो आणि मग आकडा स्थिर राहत नाही, तसं झालं तर सरळ बदलून न्या, पैसे नाही घेणार.

किती वाढलं म्हणजे ठीक?

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसात वजन उतरतं. घाबरू नका, सगळ्यांचंच उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं म्हणजे तीन किलोच्या बाळाचं तीनशे ग्रॅमपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसात जन्माच्या वजनावर परत येतं. यापेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवडे होऊनही भरून आलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. पुढे पहिले तीन महिने सरासरी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, आठवड्याला पावणेदोनशे दोनशे. मग वेग कमी होतो आणि इथेच आया घाबरतात, की आधी एवढं वाढत होतं आता का नाही, पण तसंच असतं, साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा ढोबळ हिशोब.

आता चार्ट. माता-बाल संरक्षण कार्डात मागे मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा असा आलेख असतो, बहुतेकांचा कोराच असतो हे आम्ही रोज बघतो. तो आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये काढलेल्या मापावर आहे, त्यासाठी सहा देशातली मुलं मोजली होती आणि त्यात आपल्या दिल्लीतली पण होती, म्हणजे "ही गोऱ्या मुलांची मापं, आपल्याला लागू नाहीत" हे म्हणणं खरं नाही. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९. खालची रेघ, जिच्या खाली गेलं की कमी वजन म्हणतात, ती वर्षाला मुलाची ७.७ आणि मुलीची ७.० किलो.

पण मधली रेघ म्हणजे पास व्हायची रेघ नाही! निम्मी निरोगी मुलं तिच्या खालीच असतात. आईबाप दोघं बारीक चणीचे, मुलगी पहिल्यापासून खालच्या बाजूने पण आपल्या रेघेला धरून चाललीय, खेळतेय, हसतेय, तर तिला जबरदस्तीने भरवू नका. उलट एखादा गुटगुटीत मुलगा वरच्या रेघेवर होता आणि दोन-तीन महिन्यात घसरत मधल्याच्या खाली आला, तर तो दिसायला अजून गुटगुटीतच असतो, घरात कोणाला काळजी वाटत नाही, पण दाखवायला हवं ते त्याला. एकच ठिपका बघून काही कळत नाही, निदान तीन ठिपके जोडा आणि रेघ कुठे चाललीय ते बघा. पावसाळ्यात जुलाब, ताप, सर्दी यात महिनाभर रेघ आडवी झाली तर चालतं, बरं झाल्यावर भरून निघते. लागोपाठ दोन-तीन महिने आडवी किंवा खाली, तर थांबू नका.

सहा महिन्यांनंतर रेघ आडवी व्हायचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे पेज. पेज चांगलीच आहे, पण वरचं पाणी वाटीभर पाजलं की पोट भरतं आणि ताकद काहीच मिळत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत घट्ट करा, मऊभात डाळ घालून कुस्करा, वर तूप किंवा खोबरेल, नाचणीचं सत्त्व दाट शिजवा, काटे नीट काढलेला मासा पण चालतो. उष्टावण झालं म्हणजे जेवण सुरू झालं असं काहींना वाटतं, पण त्या दिवशीची एक बोटभर खीर आणि मग महिनाभर परत फक्त दूध, असं करू नका. आईचं दूध सुरूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही.

लांबी, डोकं, दंड

लांबीची फळी आम्ही देत नाही, मागू नका. घरी टेपने मोजलेली लांबी कोणाच्याच कामाची नसते, बाळ गुडघे वाकवतं आणि दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. त्याला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला एक पाय, अंगणवाडीत करून घ्या. जन्माला साधारण ५०, वर्षाला ७५ सेंटीमीटर. दोन वर्षांपर्यंत झोपवून आणि मग उभं करून मोजतात, त्या वेळी पाऊण सेंटीमीटर "कमी झाल्यासारखं" दिसतं, ते फक्त पद्धत बदलल्यामुळे.

डोक्याचा घेर मात्र विसरला जातो. जन्माला ३४-३५, वर्षाला ४५-४६ सेंटीमीटर. फार वेगाने वाढत असेल किंवा वाढायचा थांबला असेल तर ते डॉक्टरांनीच बघायचं काम आहे, म्हणून लसीला जाल तेव्हा "डोकं पण मोजा" म्हणून सांगा. दंडाची रंगीत पट्टी अंगणवाडी ताईंकडे असते, सहा महिने ते पाच वर्षं वयात दंड ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, लगेच दवाखाना. ११.५ ते १२.५ पिवळा, लक्ष ठेवायचं.

कधी बसेल, कधी चालेल

दुकानात काटा न्यायला आलेले लोक वजनापेक्षा हेच जास्त विचारतात. गणपतीला चाकरमानी येतात, मुंबईचं भावंड दहाव्या महिन्यात चालतंय आणि आपलं तेराव्यात अजून भिंत धरून, की झालं सुरू. अहो, चालायला एक तारीख नसते, मोठी खिडकी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय बसली ती साधारण ४ ते ९ महिन्यात, आणि एकटी चालली ती सव्वाआठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. काही मुलं, शंभरात चार, हातगुडघ्यावर रांगलीच नाहीत, बुडावर सरकत गेली किंवा थेट उभी राहिली.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तर त्याच्याकडून चार महिन्यांच्याच गोष्टींची अपेक्षा, दोन वर्षांपर्यंत असंच धरायचं. लस मात्र जन्मतारखेवरच.

वॉकर आम्ही ठेवत नाही, लोक रागावतात तरी नाही. त्याने मूल लवकर चालत नाही, आणि आपल्या घरांना पडवी, ओटा, पायऱ्या, समोर विहीर. कॅनडात तर २००४ पासून विकायलाच बंदी आहे. त्यापेक्षा चटईवर खाली सोडा, दिवसा जागं असताना पोटावर पालथं ठेवा, सारखं कडेवर आणि झोळीत ठेवलं की मानेला आणि हाताला काम मिळत नाही.

बोलण्याच्या बाबतीत "त्याचे बाबा पण तीन वर्षांनी बोलले" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय! असेलही, पण आधी कान तपासा. शब्दांच्या आधी बाकी बरंच यायला हवं असतं, नावाने हाक मारली की वळून बघणं, बा-बा दा-दा, टाटा करणं, पाहिजे ते बोटाने दाखवणं. घरात कोकणी, बाहेर मराठी आणि बाबा आखातातून व्हिडिओ कॉलवर तिसरंच, असं असेल तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा, दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. कार्टून लावून भरवलेल्या मुलाशी मात्र त्या वेळात कोणीच बोललेलं नसतं.

यात वाट बघायची नाही: तीन महिन्यांपर्यंत चेहरा बघून हसत नाही, पाच महिन्यांना मान धरत नाही, दहा महिन्यांना बसत नाही, वर्ष झालं तरी बडबड नाही आणि हाताने काही दाखवत नाही, दीड वर्षाला चालत नाही, दोन वर्षांना "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत. आणि कुठल्याही वयात, आधी जे येत होतं ते गेलं, बोलायचं ते बंद झालं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. शिमगा होऊ दे मग बघू, असं नाही.

कुठे जायचं

आधी अंगणवाडी, आशाताई, मग बालरोगतज्ज्ञ. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून योजना आहे, २०१३ मध्ये आपल्या कोकणातल्याच पालघरला सुरू झाली, त्यांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासते आणि गरज असली तर पुढे पाठवते, पैसे लागत नाहीत, तारीख ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढची तपासणी म्हणजे कोणी पाच प्रश्न विचारून शेरा मारणं नव्हे, ठोकळे, घंटी, कप, बाहुली असं देऊन मूल काय करतं ते बघतात. आपल्याकडे वापरतात त्यातली एक पद्धत बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतातल्याच मुलांवर काम करून बसवलीय. मूल झोपाळलेलं, भुकेलं असेल तर नीट करत नाही, तेव्हा पहिल्या एसटीने उपाशी नेऊ नका.

आम्ही दुकानदार आहोत, डॉक्टर नाही. फोटो आणि आकडे व्हॉट्सॲपवर पाठवून "ठीक आहे ना" विचारलंत तर आम्ही फक्त काटा बरोबर आहे का एवढंच सांगू शकतो, वजन वाढायची पावडर, टॉनिक पण आम्ही सुचवत नाही. काटा परत देताना ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धुऊ नका, सेल काढून वेगळे द्या. वजनं लिहायला दिलेला कागद तुमच्याकडेच ठेवा, पुढच्या लसीला कार्डासोबत न्या.